लांब पल्ल्याच्या नेमबाजीची दुर्बीण : तिची निवड व मोजणीविद्येशीं तिचें नातें

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. पोथ्या, सनदा, शिक्के व ताम्रपट यांच्या संगतींत बंदुकीवर बसविलेल्या दुर्बिणीला स्थान काय, अशी शंका कोणीहि घेईल. परंतु जुनीं शस्त्रें संग्रहीं ठेवणारे गृहस्थ आपल्या वाचकवर्गांत थोडे नाहींत. त्यांच्या हातीं अशी एखादी बंदूक आली म्हणजे दुर्बीण काढून निराळी ठेवावयाची, पितळ घासून लखलखीत करावयाचें आणि गंजलेले स्क्रू फिरवून मोकळे करावयाचे, असा प्रघात पडला आहे. दुसऱ्या बाजूस, स्पर्धेंत उतरूं इच्छिणारा तरुण नेमबाज कोणती दुर्बीण घ्यावी हें विचारूं लागला, कीं त्यास ती किती पट मोठें दाखविते एवढेंच सांगण्यांत येतें. हे दोन्ही प्रमाद एकाच गैरसमजांतून उद्भवले आहेत. बंदुकीवरील दुर्बीण ही मुख्यतः पाहण्याची वस्तु नसून मोजण्याचें यंत्र आहे. तिची वंशावळ शिकाऱ्याच्या घरांत नव्हे, तर जमीन मोजणाऱ्याच्या तंबूंत शोधावी लागते. आणि त्या वंशावळीचा एक धागा आपल्या वऱ्हाडाच्या अगदीं जवळून जातो. हें दाखवून तदनुसार निवडीच्या कसोट्या सांगाव्या, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

१. माशी आणि नळी

आपल्याकडील बंदुकीच्या नळीच्या टोकाशीं नेम धरण्यासाठीं जो लहानसा उंचवटा असतो, त्यास माशी म्हणतात. मागील अंगास खांच अथवा छिद्र असे. तेथून माशी व माशीवरून लक्ष्य एका रेषेंत आणावयाचें, एवढीच जुन्या नेमबाजाची सामुग्री. ह्या सामुग्रीनें अचूक गोळी लागत नसे असें नाहीं. इ. स. १५६८ मध्यें चितोडच्या वेढ्यांत अकबरानें आपल्या 'संग्राम' नांवाच्या बंदुकीनें जयमलास टिपल्याचें अबुल फजल लिहितो. परंतु ती एक गोळी बखरकारास नोंदण्याजोगी वाटली, यावरूनच ती किती विरळा होती तें ध्यानांत येतें.

आपल्या जिल्ह्यापुरतें पाहावयाचें तर १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्याजवळ शिवणी येथें कर्नल अॅडम्सनें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा मोड केला, ती लढाई घ्यावी. त्या काळीं सामान्य शिपायाच्या हातीं गुळगुळीत नळीची बंदूक असे. गोळी नळीपेक्षां लहान, त्यामुळें ती नळींतून आदळत जाई. दारूचें माप बारीक सारखें राखणें कठीण. आणि शंभर वारांपलीकडे (वार म्हणजे तीन फूट) एका माणसावर नेम धरणें बहुधा व्यर्थच होई. अशा बंदुकीवर जगांतील उत्तम दुर्बीण बसविली असती तरी तिचा कांहीं उपयोग झाला नसता. यावरून पहिला नियम निघतो तो असा कीं, नेमाचें साधन नळीच्या खरेपणापुढें जाऊं शकत नाहीं. नळी सुधारल्यावांचून दुर्बिणीस बोलावणें येत नाहीं.

ही सुधारणा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली. सर जोसेफ व्हिटवर्थ ह्या यंत्रकारानें षट्कोनी छिद्राची रायफल तयार केली. तिचें छिद्र ०.४५१ इंच असून नळींतील पीळ २० इंचांत एक फेरा पुरा करीत असे. तत्कालीन एन्फील्ड रायफलीचें छिद्र ०.५७७ इंच व तिच्या पिळास एका फेऱ्यास ७८ इंच लागत. १८५७ च्या परीक्षांत व्हिटवर्थनें एन्फील्डला फार मागें टाकलें. २ जुलै १८६० रोजीं विंबल्डन येथें ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघाचें पहिलें संमेलन भरलें, तेव्हां राणी व्हिक्टोरियानें स्थिर बैठकीवर बसविलेल्या ह्याच रायफलीनें ४०० वारांवर पहिली गोळी सोडली व ती मध्यबिंदूच्या अगदीं लगत लागली. नळी खरी झाली. आतां डोळा व माशी अपुरीं पडूं लागलीं.

२. तंतू आणि वर्तुळ

दुर्बीण १६०८ सालीं हॉलंडांत प्रसिद्धीस आली. पण तिला नेमाचें यंत्र करण्यास एवढें पुरेसें नव्हतें. त्या पहिल्या दुर्बिणींत डोळ्याकडील भिंग आंत वळलेलें असे. तींत दूरचा पदार्थ मोठा दिसे, परंतु खूण ठेवण्यास नळींत जागाच नसे. १६११ त केप्लरनें दोन्ही भिंगें फुगीर घेण्याची योजना मांडली. अशा दुर्बिणींत पदार्थाची प्रतिमा नळीच्या आंत एका ठराविक प्रतलांत खरोखरीच तयार होते; ती उलटी असते, हा दोष पुढें मधल्या भिंगांनीं निघाला. ह्या प्रतलांत एखादा बारीक तंतू ताणला तर तंतू व पदार्थ दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन ह्या तरुण इंग्रज ज्योतिष्यानें हें साधलें आणि त्याबरोबर सूक्ष्म पेंचाचें मापनयंत्रहि बनविलें. १६४४ त मार्स्टन मूरच्या लढाईंत तो मारला गेला. आजच्या प्रत्येक नेमबाजी दुर्बिणींत गॅस्कॉइनच्या ह्याच दोन वस्तु असतात : प्रतिमेच्या जागीं तंतू, आणि कोन मोजणारा पेंच.

ह्या दोन वस्तु आपल्या प्रदेशांत प्रथम बंदुकीबरोबर नव्हे, तर त्रिकोणमितीय मोजणीबरोबर आल्या. कर्नल विल्यम लॅम्टन यानें दक्षिणेंतून उत्तरेकडे चालविलेला मोठा कंस ७८ अंश रेखांशाच्या आसपास जातो, आणि यवतमाळ शहर त्या रेखांशाच्या किंचित पूर्वेस आहे. जानेवारी १८२३ मध्यें हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां लॅम्टन हिंगणघाट येथें वारला. त्याची कबर तेथें आहे. यवतमाळ जिल्ह्याची पूर्वेकडील शीव जी वर्धा नदी, तिच्या पलीकडे हें गांव थोड्याच अंतरावर लागतें.

लॅम्टनच्या मोठ्या थिओडोलाइटचें वर्तुळ तीन फूट व्यासाचें व सर्व यंत्राचें वजन सुमारें अर्धा टन होतें. १८०८ त तंजावर येथें देवळाच्या गोपुरावर चढवितांना तें आदळलें व वर्तुळ वांकडें झालें. लॅम्टननें सहा आठवडे स्वतःच्या हातांनीं तें पुन्हां गोल केलें. भिंग फुटलें असतें तर दुसरें बसवितां आलें असतें. परंतु अंश-कलांच्या रेघा ज्यावर कोरल्या तें वर्तुळ बिघडलें म्हणजे यंत्रच गेलें, हें तो जाणून होता. दुर्बीण निवडणाऱ्यानें हा प्रसंग नीट लक्षांत ठेवावा.

३. डेव्हिडसनची दुर्बीण

बंदूक व मोजणी यांचा संबंध केवळ तत्त्वाचा नाहीं. तो एका माणसाच्या ठायीं एकत्र झालेला आढळतो. मुंबई लष्करांतील डेव्हिड डेव्हिडसन ह्या स्कॉच अधिकाऱ्यानें भारतांतील नोकरीच्या काळांतच बंदुकीस दुर्बीण लावण्याचे प्रयोग केले, आणि मायदेशीं परतल्यावर १८६२ त आपल्या दुर्बिणीचें पेटंट घेतलें. १८९० त एडिंबरो येथें 'मेमरीज ऑफ अ लाँग लाइफ' ह्या नांवानें त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या.

आतां मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचा पाया ज्यानें घातला तो १८४७ चा संयुक्त अहवाल पाहावा. त्यावर गोल्डस्मिड, कॅप्टन विंगेट व कॅप्टन डेव्हिडसन अशीं तीन नांवें आहेत. नांव, लष्कर, हुद्दा व काळ हीं चारहि जुळत असल्यानें अहवालांतील डेव्हिडसन व दुर्बिणीचा डेव्हिडसन एकच होत, असें आम्ही मानतों. हीच मुंबईची पद्धति १८६१ पासून वऱ्हाडांत आली आणि वणी जिल्ह्यास, म्हणजे १९०५ नंतरच्या यवतमाळ जिल्ह्यास, लागू झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा व ४० गुंठ्यांचा एकर, हें कोष्टक आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं जुनीं फाळणीपत्रकें चाळलीं असतील त्यांस तोंडपाठ असेल. शेताची शीव आण्याच्या हिशेबानें बांधणाऱ्या खात्यांतल्या मनुष्यास बंदुकीच्या नेमांतहि अदमास नको, माप हवें असें वाटावें, हें स्वाभाविक दिसतें.

डेव्हिडसनची दुर्बीण सव्वा फुटाहून थोडी आंखूड असून सुमारें चौपट मोठें दाखवी. ती व्हिटवर्थ रायफलीच्या वर न बसवितां डाव्या अंगास बसवीत. अमेरिकेच्या यादवी युद्धांत दक्षिणेच्या निवडक नेमबाजांपाशीं अशा कांहीं रायफली होत्या. गोळी सुटतांच मागें बसणारा धक्का दुर्बिणीच्या कडेनें डोळ्यास इजा करी, ही तिची खोड. त्याच सुमारास अमेरिकेंत जॉन चॅपमन यानें १८४४ च्या आपल्या ग्रंथांत नळीइतक्या लांब दुर्बिणीचें वर्णन केलें, आणि १८५५ पासून सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कमनें रंगदोषरहित भिंगें व अधिक चांगले पेंच असलेल्या दुर्बिणी बनविल्या.

४. स्पर्धेचा नियम आधीं

दुर्बीण उपलब्ध झाली तरी स्पर्धांनीं तिला सहजासहजीं आंत घेतलें नाहीं. सप्टेंबर १८७४ मध्यें न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथें आयर्लंड व अमेरिका यांचा प्रसिद्ध सामना ८००, ९०० व १००० वारांवर झाला. अमेरिकेनें तो ९३४ विरुद्ध ९३१ अशा गुणांनीं जिंकला. दुर्बिणीस तेथें मज्जाव होता. परंतु त्या रायफलींच्या दस्त्यावर उभें राहणारें नेमछिद्र व्हर्नियरच्या पट्टीनें कलेकलेनें वरखालीं होई. व्हर्नियरची ही युक्ति १६३१ ची, आणि मोजणीयंत्रांवरूनच बंदुकीवर आलेली. म्हणजे हजार वारांवरचा तो विजय भिंगाशिवाय झाला, पण मापाशिवाय झाला नाहीं.

ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ही परंपरा आजहि चालू आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर तीन स्थितींच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, आणि २०१० त म्यूनिक येथें तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या, त्या दोन्ही वेळीं रायफलीवर मोठें दाखविणारें भिंग नव्हतें. छिद्र, वर्तुळाकार माशी व सूक्ष्म पेंच एवढेंच होतें. भारताच्या राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना १९५१ त झाली व त्याचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे होते. त्यांच्या नांवाची अखिल भारतीय स्पर्धा आजहि भरते.

दुर्बिणीस उघडें मैदान मिळालें तें 'एफ-क्लास' ह्या प्रकारांत. कॅनडांतील जॉर्ज फार्कर्सन यांच्या पुढाकारानें तो विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. नेमबाज पालथा निजून टेकूवर ठेवलेल्या रायफलीनें हजार वारांपर्यंत नेम धरतो. त्याच्या खुल्या गटांत रायफलीचें वजन १० किलोपर्यंत व 'टी-आर' गटांत ८.२५ किलोपर्यंत चालतें, आणि ह्या वजनांत दुर्बीण धरलेली असते. तेव्हां निवडीची पहिली पायरी दुकान नव्हे, नियमपुस्तक होय. ज्या स्पर्धेंत उतरावयाचें तींत दुर्बीण चालते काय, आणि वजनांतून तिच्यासाठीं किती उरतें, हें प्रथम ठरवावें.

५. निवडीच्या कसोट्या

कोनाचें मान आपल्या जुन्या ज्योतिषांतलेंच घ्यावें : एका अंशाच्या साठ कला. एक कला १०० वारांवर १.०४७ इंच व १००० वारांवर सुमारें १०.५ इंच व्यापते. एफ-क्लासच्या लक्ष्याचें पूर्ण गुणांचें वर्तुळ हजार वारांवर सुमारें एका कलेचें व अगदीं आंतलें अर्ध्या कलेचें असतें. ह्या एका आंकड्यावरून पुढील सर्व कसोट्या उलगडतात.

पहिली कसोटी पेंचाची. दुर्बिणीवरील चकती फिरवितांना जो टिचकीसारखा खटका लागतो, तो बहुधा पाव किंवा अष्टमांश कलेचा असतो. पाव कलेचा खटका हजार वारांवर २.६ इंच सरकवितो, अष्टमांशाचा १.३ इंच. पांच इंचांच्या आंतल्या वर्तुळासाठीं अष्टमांश कलाच योग्य. परंतु चकतीवर लिहिलेलें माप खरें आहे कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय मानूं नये. त्यासाठीं गोळी खर्चण्याचीहि आवश्यकता नाहीं. दुर्बीण शेगड्यांत घट्ट आवळून ठेवावी, बरोबर १०० वार मोजून तेथें इंचांची उभी पट्टी लावावी, आणि चकती ३० कला फिरवावी. तंतू पट्टीवर ३१.४ इंच सरकला पाहिजे. नंतर तितकीच उलट फिरवून तो मूळ रेघेवर परत येतो काय तें पाहावें. हें दहा वेळां करावें. जी दुर्बीण थोडी कमी सरकते पण नेहमीं सारखीच कमी सरकते, तिचा हिशेब मांडतां येतो. जी कधीं कमी व कधीं अधिक सरकते, ती कितीहि स्वच्छ दाखवो, स्पर्धेस निरुपयोगी. मोजणीदार साखळी जशी प्रमाणाशीं ताडून पाहतो, तशीच ही ताडणी होय.

दुसरी कसोटी आवाक्याची. १०० वारांवर जमविलेली ०.३०८ इंची रायफल १००० वारांवर नेण्यास सुमारें ३० ते ४० कला वर चढावें लागतें. दुर्बिणीच्या एकूण चढ-उतारापैकीं निम्मा भाग मध्याच्या खालीं वायां जात असल्यानें पुष्कळ दुर्बिणी येथें अपुऱ्या पडतात. यावर उपाय म्हणजे दुर्बिणीची बैठकच सुमारें २० कला पुढें कललेली घ्यावी.

तिसरी कसोटी तंतूच्या स्थैर्याची. प्रतिमा व तंतू नेमक्या एका प्रतलांत नसतील, तर डोळा किंचित हलतांच तंतू लक्ष्यावर सरकल्याचा भास होतो. याकरितां अंतराप्रमाणें प्रतिमा तंतूच्या प्रतलांत आणणारी योजना दुर्बिणींत असलीच पाहिजे. रायफल टेकूवर ठेवून, तिला हात न लावतां, डोळा वरखालीं करून पाहावें. तंतू जागचा हलतां कामा नये. तंतूची जाडीहि पाहावी. अर्ध्या कलेचें वर्तुळ झांकून टाकणारा जाड तंतू काय कामाचा? अंतर आधींच माहीत असलेल्या स्पर्धेंत, मोठेपणा वाढविला तरी जाडी न वाढणारा तंतू बरा.

मोठेपणाची कसोटी आम्ही मुद्दाम शेवटीं ठेविली आहे. पुढील भिंगाच्या व्यासास पटीनें भागिलें असतां डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ५६ मिलिमीटरच्या भिंगास ४० पट लाविली तर तो झोत १.४ मिलिमीटर राहतो. २० पट लाविली तर २.८. दिवसाच्या उजेडांत डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, म्हणून ४० पटीस चित्र अंधुक होत जातें. त्याहून मोठा अडथळा मृगजळाचा. यवतमाळकडील वैशाखांत जमिनीवरची तापलेली हवा लक्ष्याचा कांठ पाण्यासारखा हालविते, आणि दुर्बीण जितकी पट मोठें दाखविते तितक्या पट हें हालणेंहि मोठें करते. मोठ्या कंसाच्या मोजणींत लॅम्टनच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनें दिवसाच्या धुरकट हवेला कंटाळून रात्रीं दिव्यांवर वेध घेतले; स्पर्धकास ती सवड नाहीं. त्यानें पट कमी करावी. तथापि मृगजळ हा निव्वळ शत्रुहि नव्हे. तें कोणत्या दिशेस व किती वेगानें वाहतें यावरून वाऱ्याचा अंदाज बांधतां येतो. म्हणून पट कमीजास्त करतां येणारी दुर्बीण श्रेयस्कर.

राहतां राहिली बैठक. कड्यांचे स्क्रू सारखे आवळलेले नसले, तर वर सांगितलेल्या सर्व कसोट्यांना उतरलेली दुर्बीणहि धक्क्याबरोबर सरकते. जेवढा पैसा दुर्बिणीवर खर्चावयाचा, त्यांतला कांहीं भाग कड्यांसाठीं राखून ठेवावा.

६. संग्राहकांस विनंती

वरील विवेचनावरून संग्राहकांचें कर्तव्य सहजच ठरतें. जुन्या दुर्बिणीवरील चकती, पट्टी व बैठकीचा स्क्रू हीं केवळ लोखंड-पितळ नव्हेत. तीं लेख आहेत. वापरणाऱ्यानें चकतीवर सुईनें ओढलेल्या बारीक रेघा म्हणजे ५००, ८००, १००० वारांच्या त्याच्या स्वतःच्या नोंदी असण्याचा संभव असतो. हस्तलिखिताच्या शेवटीं असणाऱ्या पुष्पिकेवरून जसा लेखक व शक कळतो, तसा ह्या रेघांवरून त्या यंत्राचा उपयोग कळतो. पितळ घासणारा मनुष्य पुष्पिका खरवडणाऱ्याइतकाच अपराधी होय.

परंतु ह्या रेघा एकट्या वाचतां येत नाहींत. महानुभावांच्या पोथ्या सकळा लिपींत असल्यानें किल्लीवांचून त्या शतकानुशतकें मुक्या राहिल्या. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनीं १९२५ त 'महानुभावीय मराठी वाङ्मय' प्रसिद्ध केलें, तेव्हां ती किल्ली सांपडलेली होती म्हणूनच तें शक्य झालें. दुर्बिणीच्या रेघांची किल्ली म्हणजे ज्या रायफलीवर ती होती ती रायफल, तिची गोळी व दारूचें माप. म्हणून दुर्बीण व बंदूक यांची ताटातूट करूं नये. पेटींतील टिपणवही, दारूचें मापटें व गोळीचा सांचा फेंकूं नये. दोहोंवरील क्रमांक जुळतात काय तें प्रथम टिपावें. आणि कोणताहि स्क्रू फिरविण्यापूर्वीं तो कोठें उभा आहे हें लिहून त्याचें छायाचित्र घ्यावें.

त्याचप्रमाणें दंतकथेपासूनहि सावध राहावें. ९ मे १८६४ रोजीं स्पॉट्सिल्व्हेनिया येथें जनरल सेजविक दूरच्या गोळीनें पडला. ती व्हिटवर्थची होती असें परंपरा सांगते. एवढ्यावरून ती दुर्बिणींतूनच नेमली होती असें पुढील लेखक लिहूं लागतात, आणि पाहतां पाहतां बाजारांत प्रत्येक व्हिटवर्थला एक दुर्बीण चिकटते. बैठकीच्या छिद्रांची झीज, दस्त्याच्या लांकडावरील दाबाच्या खुणा व क्रमांकांची जुळणी हाच पुरावा. विक्रेत्याचें सांगणें हा पुरावा नव्हे.

सारांश, नवी दुर्बीण घेणारा नेमबाज व जुनी दुर्बीण जतन करणारा संग्राहक या दोघांनीं एकाच ठिकाणीं लक्ष द्यावयाचें आहे. भिंग दाखवितें, परंतु सांगतो तो पेंच. स्पर्धकानें तो खरें सांगतो कीं नाहीं हें पट्टी लावून तपासावें, आणि संग्राहकानें त्यानें एकदां सांगून ठेविलेलें पुसूं नये.